बेनेदिक्त कोत्रुल्येविच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कोण, ते थोडक्यात सांगाल का?

पंधराव्या शतकातला, आज क्रोएशियात असलेल्या दुब्रोव्हनिकचा व्यापारी. जन्म साधारण १४१६, मृत्यू १४६९ मध्ये इटलीतल्या लाक्विला गावी. लोकरीचा आणि चांदीचा व्यापार केला, नेपल्सच्या राजांची कामं केली, टांकसाळ सांभाळली. १४५८ मध्ये त्याने व्यापारावर एक पुस्तक लिहिलं. दुहेरी नोंद पद्धतीचं, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याच्या पद्धतीचं, आज माहीत असलेलं सर्वांत जुनं लेखी वर्णन त्यातच आहे. कॉमर्सच्या वर्गात हा मान इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीला दिला जातो. पाचोलीचं पुस्तक त्यानंतर ३६ वर्षांनी, १४९४ मध्ये आलं.

त्याचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं का दिसतं?

क्रोएशियन अभ्यासक बेनेदिक्त किंवा बेन्को कोत्रुल्येविच लिहितात, इटालियन लोक बेनेदेत्तो कोत्रुल्यी. जुन्या छापील प्रतींवर नावापुढे ‘राउजेओ’ असं येतं, म्हणजे रागुझाचा. रागुझा हे दुब्रोव्हनिकचं इटालियन नाव. ग्रंथालयाच्या सूचीत फक्त क्रोएशियन नावाने शोधलंत तर निम्म्या नोंदी हाती लागणार नाहीत, म्हणून दोन्ही आडनावांनी शोधा. एकाच पुस्तकाच्या दोन नावांनी दोन नोंदी दिसल्या तर ती दोन पुस्तकं समजू नका. हस्तलिखिताचं शीर्षक एक आणि १५७३ च्या छापील आवृत्तीचं दुसरं, असा तो प्रकार आहे.

त्याला क्रोएशियन म्हणणं बरोबर आहे का?

आजच्या नकाशाप्रमाणे दुब्रोव्हनिक क्रोएशियात आहे आणि क्रोएशियाच्या आर्थिक विचारांचा इतिहास त्याच्यापासूनच मांडला जातो. पण त्याच्या काळी दुब्रोव्हनिक हे नगर-गणराज्य होतं. १३५८ मध्ये ते व्हेनिसच्या ताब्यातून सुटलं. त्यानंतर हंगेरीच्या राजाला खंडणी देऊन आपला कारभार आपणच पाहत होतं. घरात आणि रस्त्यावर स्लाव्ह बोली, तर सरकारी आणि व्यापारी कागद लॅटिन किंवा इटालियनमध्ये. घराणं मूळचं कोतोरचं, आणि कोतोर आज माँटेनेग्रोत येतं. त्याने स्वतः लिहिलं ते इटालियन आणि लॅटिनमध्ये. त्यामुळे इटालियन अभ्यासकही त्याला आपला म्हणतात, आणि ते उगाच म्हणत नाहीत. ‘दुब्रोव्हनिकचा’ म्हटलं की कुणाचीच तक्रार राहत नाही.

शिकलेला माणूस व्यापारात कसा पडला?

पडला नाही, ओढला गेला. तत्त्वज्ञानाचा अभ्यास ऐन रंगात आलेला असताना दैवाने उचलून व्यापारी केलं, असं तो स्वतःच लिहितो. वडील याकोव्ह व्यापारी होते, धंदा घरचा होता. पण व्यापारात आल्यावर त्याला दिसलं की तरुण पोरं नुसतं बघूनबघून शिकतात. त्यांना नीट पद्धत सांगणारं कुणी नाही, आणि चुकीच्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या तशाच पुढे जातात. पुस्तकामागे ही चीड आहे. लॅटिन येत असूनही त्याने ते व्यापाऱ्यांना कळेल अशा बोलीत लिहिलं, तेही याच हिशेबाने.

नेपल्समध्ये तो नेमकं काय करत होता?

दुब्रोव्हनिकचा माल जायचा तिथे त्या शहराचे व्यापारी वस्ती करून असत. बोस्निया आणि सर्बियाच्या खाणींतली चांदी दुब्रोव्हनिकमार्गे इटलीत उतरायची, उलट दिशेने लोकर, कापड, धान्य यायचं. कोत्रुल्येविच १४५० च्या दशकात नेपल्समध्ये स्थिरावला. पुढे राजा फेरांतेच्या काळात टांकसाळीची जबाबदारी त्याच्याकडे आली. चांदीचा व्यापारी आणि नाणी पाडणारा अधिकारी एकच असणं आज खटकेल, पण तेव्हा टांकसाळीला धातू पुरवू शकणाराच माणूस लागायचा.

पुस्तक कधी, कुठे लिहिलं आणि त्यात काय आहे?

पुस्तकावर तारीख आहे २५ ऑगस्ट १४५८. नेपल्समध्ये प्लेग होता म्हणून तो आवेल्लिनोजवळच्या डोंगरातल्या सेर्पिको या ठिकाणी जाऊन राहिला आणि तिथे त्याने ते पुरं केलं. राजा आल्फोन्सो दोनच महिन्यांपूर्वी, जूनमध्ये वारला होता.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिला प्रत्यक्ष व्यापाराचा: रोख आणि उधार विक्री, मालाच्या बदल्यात माल, वसुली, हुंडी, विमा, हिशेब. दुसरा व्यापाऱ्याच्या धर्माचरणाचा. तिसरा त्याच्या नागरी गुणांचा, म्हणजे सचोटी, सावधपणा, शब्दाची किंमत. चौथा घराचा: वास्तू, बायको, मुलं, नोकर, शेतीवाडी. हिशेबाचं प्रकरण पहिल्या भागातलं तेरावं आहे आणि ते अगदी छोटं आहे. अख्खं पुस्तक हिशेबाबद्दल असेल अशा समजुतीने उघडणाऱ्यांचा इथे हमखास विरस होतो.

दुहेरी नोंद पद्धत त्यानेच शोधली का?

नाही. त्याच्या जन्माच्या शंभर वर्षं आधीपासून ती वापरात होती. फारोल्फी या फ्लोरेन्टाइन पेढीची १२९९–१३०० ची खतावणी, म्हणजे खात्यांची वही, सापडली आहे, तीत दुहेरी नोंदी दिसतात. जेनोव्हा नगराच्या १३४० च्या सरकारी वह्या याच पद्धतीच्या आहेत. ही पद्धत कुण्या एकाने शोधलेलीच नाही, ती पेढ्यांवर हळूहळू घडत गेली. कोत्रुल्येविचने ती पहिल्यांदा शब्दांत बांधली आणि चांगल्या व्यापाऱ्याच्या कर्तव्यांत बसवली. त्याचं श्रेय एवढंच, आणि ते काही कमी नाही.

त्या प्रकरणात प्रत्यक्ष काय सांगितलंय?

सुरुवात लेखणीपासून होते. व्यापाऱ्याला लिहिण्याचा कंटाळा असून चालत नाही. सगळा कारभार डोक्यात ठेवायचा तर आपल्या फौजेतल्या प्रत्येकाला नावाने हाक मारणाऱ्या सायरस राजाची स्मरणशक्ती हवी, असा टोमणाही तो मारतो. मग तीन वह्या सांगतो.

पहिली कच्ची वही. व्यवहार झाला की तिथल्या तिथे, दुसरं काही करण्याआधी, सगळा तपशील त्यात उतरवायचा. कुणाशी, काय माल, किती, कोणत्या भावाने, मुदत किती.

दुसरी रोजकीर्द. कच्च्या वहीतला व्यवहार तारखेच्या क्रमाने, नेटक्या भाषेत इथे येतो. कुणाच्या नावे (डेबिट) आणि कुणाच्या जमा (क्रेडिट), हे इथे ठरतं.

तिसरी खतावणी. प्रत्येक माणसाला, मालाला, रोकडीला स्वतंत्र खातं. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा. सोबत अक्षरवार सूची, म्हणजे खातं चटकन सापडतं. वहीच्या आरंभी देवाचं नाव घालायचं. दिवाळीला नव्या चोपडीवर ‘श्री’ काढणाऱ्या आपल्या दुकानदाराला यात काहीच परकं वाटणार नाही.

याखेरीज दोन गोष्टींवर त्याचा भर आहे. पाठवलेल्या पत्रांच्या नकला, आलेली पत्रं, करारमदार आणि हुंड्या हे सगळं लावून ठेवायचं. आणि वर्षातून एकदा खतावणी रोजकीर्दीशी ताडून पाहायची, तेरीज काढायची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंच्या बेरजा जुळतात का ते पाहायचं, नफा किंवा तोटा भांडवल खात्यात न्यायचा. हे दुसरं महत्त्वाचं आहे, कारण त्या काळी बऱ्याच पेढ्या जुनी वही भरली किंवा भागीदारी मोडली तरच हिशेब बंद करत. असं न करणाऱ्याचा धंदा म्हणजे बाबेलचा गोंधळ, असं तो म्हणतो.

एखादा व्यवहार या पद्धतीने करून दाखवाल का?

हे उदाहरण आमचं आहे, पुस्तकातलं नाही. त्याच्या प्रकरणात नमुन्याच्या नोंदी नाहीत.

समजा व्यापाऱ्याकडे ५० डुकाट (तेव्हाचं नाणं) रोख आहेत. रोकड खातं खतावणीच्या पान २ वर, भांडवल पान १ वर. पान २ वर नावे ५०, पान १ वर जमा ५०.

त्याने बार्सिलोनाच्या व्यापाऱ्याकडून ३०० डुकाटची लोकर सहा महिन्यांच्या उधारीवर घेतली. कच्च्या वहीत गाठींची संख्या, भाव, मुदत, दलालाचं नाव. रोजकीर्दीत एक ओळ: लोकर नावे, बार्सिलोनाचा व्यापारी जमा, ३००. खतावणीत लोकरीच्या पान १२ वर डावीकडे ३०० आणि शेजारी ‘पान १५’. व्यापाऱ्याच्या पान १५ वर उजवीकडे ३०० आणि शेजारी ‘पान १२’. हे उलटसुलट पान क्रमांक टाकण्यात आळस करू नये. चूक शोधताना धागा तोच असतो.

जहाजभाडं २० डुकाट रोख दिलं. लोकर नावे २०, रोकड जमा २०. भाडं लोकरीच्या खात्यात टाकायचं, कारण लोकर दारात पडते तेव्हा तिची किंमत ३०० नसते, ३२० असते. नवशिक्यांचा नफा इथेच फुगतो.

सगळी लोकर ३८० ला रोख विकली. रोकड नावे ३८०, लोकर जमा ३८०.

आता लोकरीच्या खात्यावर नावे ३२० आणि जमा ३८०. फरक ६०. तो लोकरीला नावे टाकून नफातोटा खात्यात जमा करायचा, की लोकरीचं पान बंद. वर्षअखेर नफातोट्यातले ६० भांडवलात न्यायचे. उरलं काय? रोकड नावे ४१०, बार्सिलोनाचा व्यापारी जमा ३००, भांडवल जमा ११०. दोन्ही बाजू ४१०.

खिशात ४१० खुळखुळत असताना आपले त्यातले फक्त ११० आहेत, हे व्यापाऱ्याला दिसतं. एकेरी वहीत ते दिसत नाही. ४१० पाहून जो घर बांधायला काढतो, त्याची गत सहा महिन्यांनी बार्सिलोनाची हुंडी आली की कळते.

तेरीज जुळली नाही तर काय पाहायचं?

आधी फरकाची रक्कम पाहा. वरच्या उदाहरणात फरक नेमका २० आला, तर भाड्याची एकच बाजू खतावली गेली आहे. फरक ४० आला तर भाडं चुकीच्या बाजूला पडलं आहे, म्हणून फरकाची निमपट करून ती रक्कम शोधायची. फरकाला ९ ने भाग जात असेल तर दोन आकडे उलटे पडल्याचा संशय घ्यावा, जसं ५४ चे ४५. ही शेवटची युक्ती मात्र आपल्या अंकांची आहे. त्या काळच्या खतावण्यांत रकमा बहुधा रोमन अंकांत असत, तिथे ती चालत नाही.

जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं समजायचं का?

अजिबात नाही. चुकीच्या माणसाच्या खात्यावर बरोबर रक्कम टाकली तरी तेरीज जुळते. रोजकीर्दीतच ३०० ऐवजी ३३० लिहिले आणि तेच दोन्हीकडे खतावले, तरी जुळते. कच्च्या वहीतला व्यवहार रोजकीर्दीत आलाच नाही, तरी जुळते. म्हणून ताडून पाहण्याचं काम नुसत्या बेरजेवर सोडता येत नाही. एकाने रोजकीर्द वाचायची आणि दुसऱ्याने खतावणीत बोट ठेवून टिक करत जायचं, याला पर्याय नाही.

मग सगळीकडे पाचोलीचंच नाव का?

मुख्य कारण छापखाना. १४५८ मध्ये इटलीत छापखानाच नव्हता, तो सुबियाकोच्या मठात १४६५ च्या सुमारास आला. कोत्रुल्येविचचं पुस्तक हाताने नकलून फिरत राहिलं आणि छापलं गेलं १५७३ मध्ये, व्हेनिसला. लिहिल्यावर ११५ वर्षांनी. तोवर पाचोलीचं पुस्तक छापील स्वरूपात युरोपभर पसरलं होतं.

दुसरं कारणही प्रामाणिकपणे मांडायला हवं. शिकवायला पाचोली जास्त उपयोगी आहे. त्याचा हिशेबाचा भाग ३६ प्रकरणांचा, मालमत्तेच्या यादीपासून वही बंद करण्यापर्यंत पायरीपायरीने जाणारा. कोत्रुल्येविचचं एक प्रकरण वाचून कुणी मुनीम होणार नाही. ज्याला थोडं येतं त्याला ते शिस्त लावतं.

पाचोलीने त्याच्यावरून उचललं का?

तसा पुरावा नाही. आपण व्हेनिसची पद्धत देत आहोत असं पाचोली उघड सांगतो, आणि व्हेनिसच्या पेढ्यांवर ती सर्रास चालत होती. दोघांनी एकाच विहिरीचं पाणी भरलं.

१५७३ ची आवृत्ती मूळ समजून वापरता येईल का?

जपून. ती फ्रांचेस्को पात्रित्सी, म्हणजे त्स्रेस बेटावरचा तत्त्वज्ञ फ्राने पेत्रिच, याने तयार केली आणि करताना भाषा व मजकूर दोन्हींवर हात फिरवला. १५८२ चं ल्यों इथलं फ्रेंच भाषांतर आणि १६०२ ची ब्रेशा इथली आवृत्ती तिच्यानंतरच्या आहेत. त्यामुळे दीर्घकाळ लोक पात्रित्सीने सुधारलेला कोत्रुल्येविच वाचत होते. विसाव्या शतकात हस्तलिखितं उजेडात आल्यावर चित्र बदललं. सर्वांत जुनं, १४७५ चं, माल्टाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात व्हॅलेटाला आहे, आणि एक फ्लोरेन्सला. शब्दशः उद्धृत करायचं असेल तर हस्तलिखितांवर आधारलेली चिकित्सक आवृत्तीच घ्या.

त्याचा कायद्याशी काय संबंध?

तो वकील नव्हता, पण पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे व्यापारी रिवाजाचा कायदाच आहे. उधारी, तारण, ठेव, हुंडी, विमा. व्यापाऱ्याच्या साध्या चिठ्ठीवर साक्षीदाराशिवाय विश्वास ठेवतात, राजेरजवाड्यांना मात्र दस्त आणि जामीन द्यावा लागतो, असं तो अभिमानाने सांगतो. तीन वह्यांचा आग्रह यातूनच येतो. तुमचा कागद पुरावा म्हणून चालायचा असेल तर तो स्वच्छ असला पाहिजे.

विम्यावरचा त्याचा सल्ला आजच्या विमा कंपनीतही खपेल. विमा उतरवणाऱ्याने निवडक जहाजं धरू नयेत, सतत आणि सगळ्यांवर उतरवत राहावं, कारण एका जहाजाचं नुकसान दुसरं भरून काढतं. संभाव्यतेचं गणित तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. दुब्रोव्हनिकने सागरी विम्याचा कायदा केला तो पुढे १५६८ मध्ये. तो जगातल्या जुन्या विमा कायद्यांपैकी एक आहे, मात्र बार्सिलोनाचे नियम त्याहून आधीचे.

त्याला अर्थशास्त्रज्ञ म्हणावं का?

आजच्या अर्थाने नाही. किंमत कशी ठरते, देश श्रीमंत कसा होतो, असा सिद्धांत त्याने मांडलेला नाही. त्याचा विषय एक पेढी आणि ती चालवणारा माणूस. व्यवस्थापनशास्त्राचा पूर्वज म्हणा, ते जास्त नेमकं. जोखीम वाटून घ्यावी, एकाच खेपेवर सगळं लावू नये, जुगार आणि किमयागिरीच्या वाऱ्याला उभं राहू नये, हे सगळं धंदा टिकवण्याच्या नजरेतून आलेलं आहे.

बायकांबद्दल तो काय म्हणतो?

बायकोबद्दलची मतं त्याच्या काळाचीच आहेत, ती मोठ्याने वाचवणार नाहीत. मुलींच्या बाबतीत मात्र तो वेगळा निघतो. मुलींना लॅटिन व्याकरण शिकवतो आणि व्हर्जिलच्या ओळी पाठ करून घेतो म्हणून लोक आपल्याला नावं ठेवतात, हे तो स्वतः नोंदवतो आणि वर ठणकावून सांगतो की त्या शहाण्या आणि चांगल्या स्मरणशक्तीच्या व्हाव्यात म्हणूनच हे करतो.

त्याने आणखी काही लिहिलं का?

नौकानयनावर एक लॅटिन ग्रंथ, १४६४ चा, व्हेनिसच्या सिनेटला अर्पण केलेला. समुद्र, जहाजं, वारे आणि मार्ग असे विषय त्यात येतात. त्याचं हस्तलिखित आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे.

त्याचा भारताशी, निदान गोव्याशी काही संबंध होता का?

त्याचा नाही. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, हा ४१ वर्षं आधी वारला होता. घोटाळा होतो तो त्याच्या शहरामुळे. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सांव ब्राझचं चर्च आहे. हा संत दुब्रोव्हनिकचा रक्षक, तिकडे त्याला स्वेती व्लाहो म्हणतात आणि ३ फेब्रुवारीला त्याचा सण असतो. दुब्रोव्हनिकच्या दर्यावर्दींनी सोळाव्या शतकात हे चर्च बांधलं अशी परंपरा आहे आणि क्रोएशियातून लोक ते पाहायला येतात. यातलं किती कागदांवर उभं आहे, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

आज वाचायचं तर कोणती आवृत्ती घ्यावी?

इटालियन येत असेल तर उगो तुच्ची यांनी संपादित केलेली १९९० ची व्हेनिस आवृत्ती. इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये निघालं, कार्लो कर्रारो आणि जोव्हान्नी फावेरो यांच्या संपादनाखाली, आणि बहुतेकांचं काम त्यावर भागेल. हिशेबापुरतं हवं असेल तर पहिल्या भागाचं तेरावं प्रकरण आधी काढा, मग त्याच भागातली हुंडी आणि विम्याची प्रकरणं. दुसरा भाग चाळून पुढे गेलात तरी चालेल. चौथा मात्र सोडू नका, मुलींचा उल्लेख तिथेच आहे.